समुद्रापलीकडचा पैरा

आमच्या शाळेत जगाचा एकच नकाशा होता आणि त्यात रशिया अजून फुटलेला नव्हता. नव्वदच्या दशकात मी तिथे सामाजिक शास्त्रं शिकवायला लागले तेव्हा तो वर्गाच्या मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला होता, आणि पुढे शतक बदललं तरी तिथेच होता. आफ्रिकेच्या खालच्या टोकाला कसर लागली होती. नवा नकाशा मागितला की मुख्याध्यापक म्हणत, "बाई, देश काय हलत्यात व्हय?" रशियाचं सांगितलं की म्हणत, तेवढं तोंडी सांगा. मग मी वर्षानुवर्षं रशिया तोंडी फोडत राहिले.

शाळा गगनबावड्याच्या रस्त्यावरच्या एका गावात होती. मी कोल्हापुरात राहायचे आणि रंकाळा स्टँडवरून सकाळची एसटी धरायचे. त्या बाजूला पाऊस लागला की माणसाला सोडत नाही. चार महिने माझी छत्री कोरडी झाल्याचं मला आठवत नाही. माझा स्वभाव तापट. पोरं मला घाबरून असत, आणि मला त्यात काही वाईट वाटत नसे. शिक्षकाला थोडं घाबरलेलं बरं असतं, असं माझं आजही मत आहे.

इंटरनेट मला प्रथम दिसलं ते राजारामपुरीतल्या एका नेट कॅफेत. पडदे लावलेली खोपटी, आत कॉलेजची पोरं, आणि त्यांच्यात ओली छत्री घेतलेली मी. मालकाला वाटलं, मी पोराला शोधायला आले. मी म्हटलं, "मला सहारा वाळवंट पाहिजे." त्याने ते काढून दिलं. त्या दिवसापासून दर शनिवारी माझी तिथे फेरी सुरू झाली. मी कागदावर छापून घ्यायचे आणि सोमवारी वर्गात भिंतीला चिकटवायचे. छपाई काळी-पांढरी, त्यामुळे सहारा आणि अंटार्क्टिका जवळपास सारखेच दिसायचे. तरी पोरं त्यावर तुटून पडत. पुस्तकात ‘लोकसंख्येचा प्रश्न’ असा धडा होता आणि खाली चार ओळींत उत्तर होतं. मी एकाच दिवसाची निरनिराळ्या देशांतली वर्तमानपत्रांची पानं आणायचे आणि विचारायचे, सांगा बघू, कोणत्या देशाला कशाची काळजी आहे. पोरं चित्रांवरून, आकड्यांवरून, मोडक्या इंग्रजीवरून ओळखायची. पोर्शन मागे पडायचा. मुख्याध्यापक कुरकुर करायचे आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

पुढे एका माजी विद्यार्थ्याने शाळेला कॉम्प्युटर दिला. पण शाळेत फोन कुठे होता? फोन होता शेजारच्या दूध संस्थेत. म्हणून कॉम्प्युटर संस्थेच्या मागच्या खोलीत बसवला, आणि सकाळचं दूध गेल्यापासून संध्याकाळचं दूध येईपर्यंत ती लाइन आम्हाला वापरायला मिळाली. बाहेर किटल्या घासल्याचा आवाज आणि आत आमचं जग. मधेच संस्थेचे सेक्रेटरी येऊन म्हणत, "बाई, सोडा लाइन. तालुक्याचा फोन यायचाय." लाइन सोडली की अर्धवट उघडलेला देश तिथेच अडकून बसायचा.

त्याच वर्षी आठवीच्या वर्गात मी आंतरराष्ट्रीय मदतीचा धडा घेत होते. श्रीमंत देश गरीब देशांना मदत करतात, वगैरे. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, मग त्यो पैरा फेडायचा कवा?"

वर्ग हसला नाही. हसले ती मी एकटीच. सगळ्यांनाच तो प्रश्न रास्त वाटत होता.

पैरा म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. भाताच्या लावणीला आज तुमच्या घरचं माणूस आमच्या शेतात राबलं, तर उद्या आमच्या घरचं माणूस तुमच्या शेतात. मधे पैसा नाही. ज्याचं शेत त्याची भाकरी. माणूस आजारी पडलं तर घरातलं दुसरं जातं, पण पैरा ठेवून घेत नाहीत. ज्या घराने ठेवला, त्या घराचं नाव निघतं आणि पुढच्या लावणीला त्यांच्या बांधावर कुणी फिरकत नाही. त्या मुलीला मी म्हटलं, "देशादेशांत पैरा नसतो." ती खाली बसली, पण तिला ते पटलेलं नव्हतं. पुढे मी जे सांगणार आहे, ते सगळं या मुलीचंच आहे.

जगातल्या शाळांची एकमेकींशी गाठ घालून देणारं एक संकेतस्थळ मला सापडलं. आमच्या वर्गाची गाठ पडली हॉलंडमधल्या एका खेडेगावातल्या वर्गाशी. तीही गुरांची माणसं निघाली. मला वाटलं होतं, हवामान, पाणी, शांतता अशा विषयांवर चर्चा होईल. चर्चा झाली दुधावर. त्यांच्या एका पोराने त्यांची गाय दिवसाला किती दूध देते ते कळवलं आणि आमच्या वर्गात गदारोळ माजला. "थापा मारतंय, बाई." "त्येंची गाय हाय का पाण्याची टाकी?" मी खडसावून सांगितलं की ते खरं असू शकतं. कुणाचाही विश्वास बसला नाही. घरोघरी ती बातमी गेली आणि दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी मला थांबवून विचारलं, "बाई, पेंड कुठली घालत्यात तेवढं इचारा की."

पत्रं लिहायची ती बहुतेक ती मुलगी. इंग्रजी यथातथाच, पण विचारायला भ्यायची नाही. टंकलेखन स्वतःच शिकली, एका बोटाने. तिकडच्या वर्गाच्या बाई, म्हणजे शिक्षिका, मला वेगळं लिहायच्या. एकदा त्यांनी लिहिलं, तुमची ही विद्यार्थिनी आमच्या मुलांना फार कामाला लावते.

मग २००५ च्या जुलैअखेरीचा महापूर आला. रस्ता पाण्याखाली गेला, एसटी बंद झाली, मी कोल्हापुरात अडकले. पाणी उतरल्यावर गेले तर वर्गात चिखलाचा वास आणि नकाशात पाणी ऑस्ट्रेलियाच्या वरपर्यंत चढल्याची खूण. कॉम्प्युटर सेक्रेटरींनी वेळेवर माळ्यावर चढवला होता म्हणून वाचला. मुलं एकेक करून यायला लागली. ती आली नाही. आता ती नववीत होती.

मी तिच्या घरी गेले. मागची भिंत गेली होती आणि भिंतीलगतच्या गोठ्यातली म्हैसही. रात्रीत पाणी चढलं, दावं सोडायला सवड मिळाली नाही. जमिनीचा तुकडा नावापुरता. घर चालायचं ते म्हशीवर. वडील उंबऱ्याशी बसले होते. म्हणाले, "दसरा झाला की पोरगी इचलकरंजीला जाईल, मामाकडं. मामाचं माग हायत. सुताच्या कांड्या भरंल."

"आणि नववी?"

"नववी काय दूध देती व्हय, बाई?"

मी तावातावाने बोलले. कायदा सांगितला, मुलींच्या शिक्षणाचं महत्त्व सांगितलं, जे वर्गात सांगते ते सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. निघताना मुलगी फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, "मला शिकायचंय, बाई." बस्स, एवढंच. परतीच्या एसटीत मला सगळ्या जगाचा राग आला होता.

वर्गातल्या मुलांनी पुराची हकीकत हॉलंडला कळवली. कोणाच्या घराचं काय झालं, कोणाचं जनावर गेलं, सगळं. पत्रं लिहिणारी आता दसऱ्यानंतर येणार नाही आणि का येणार नाही, हेही कळवलं. तिकडची शाळा सुट्टीनंतर नुकतीच उघडली होती. गुरं पाळणाऱ्या घरातली पोरं ती; म्हैस गेली म्हणजे काय झालं, हे त्यांना उलगडून सांगावं लागलं नाही. त्यांनी केक करून विकले, गाड्या धुतल्या, आणि एका म्हशीपुरते पैसे माझ्या खात्यावर पाठवले. बँकेतला कारकून मला निरखून म्हणाला, "हॉलंडला कोण असतं तुमचं?"

मी त्याच दिवशी तिच्या घरी गेले. आता सगळे खूश होतील, अशी माझी कल्पना. तिची आई भिंत लिंपत होती. तिने हात न थांबवता सगळं ऐकलं आणि म्हणाली, "आमी न्हाय घ्यायचो."

"का?"

"दान घ्यायला आमी काय रस्त्यावर बसलोय व्हय?"

वडिलांनी मान हलवली. मी म्हटलं, "दान नाही हो वैनी, मदत आहे. मुलांनी प्रेमाने दिलीय."

"मग पैरा म्हना की. काय काम हाय त्येंचं ते सांगा. आमी करतो, मग घेतो."

माझं डोकं फिरलं. एवढ्या लांबून, अनोळखी पोरांनी गाड्या धुऊन पैसे पाठवले आणि यांचा मान आडवा येतो. मी म्हटलं, "त्यांचं इथे काय काम असणार? ते राहतात समुद्रापलीकडे." आई म्हणाली, "काम न्हाय असं घर हाय का जगात? इचारून तर बगा."

दसरा जवळ येत होता. मी मनातल्या मनात चरफडत तिकडच्या बाईंना लिहिलं की, कुटुंब आभारी आहे, पण बदल्यात काही काम करू इच्छितं. उत्तर आलं, छे छे, ही भेट आहे, कशाचीही अपेक्षा नाही. ते मी घरी जाऊन वाचून दाखवलं. आई म्हणाली, "मग ऱ्हाऊ दे." आणि मुलीचे कपडे बोचक्यात भरायला घेतले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही बाई नुसती बोलणाऱ्यातली नाही. मी पुन्हा लिहिलं. या वेळी आभारबिभार गाळून सरळ पैरा समजावून सांगितला, जसा त्या आठवीच्या वर्गाने मला समजावला असता तसा. माणूस आलं तर माणूस जातं. ठेवून घेत नाहीत. काम सांगितलं नाही तर म्हैस येणार नाही, आणि म्हैस आली नाही तर मुलगी मागावर जाईल. पाठवलं आणि वाट बघत बसले. लाइन दोन दिवस बंद होती. मला झोप लागत नव्हती, हे लपवण्यात अर्थ नाही.

उत्तर आलं. त्यांनी प्रश्न वर्गापुढे ठेवला होता आणि वर्गाने काम शोधून काढलं होतं. ती मुलं समुद्रसपाटीच्या खाली राहतात, पाण्याचा अभ्यास त्यांना जन्मभर करावा लागतो. त्यांना जगातल्या एखाद्या फार पावसाच्या जागेचा रोजचा पाऊस हवा होता, वर्षभर, एकही दिवस न गाळता. तुमची विद्यार्थिनी मोजेल का?

आईने ऐकलं आणि नाक मुरडलं. "पाऊस मोजायचं? ह्ये काय काम झालं?"

वडील म्हणाले, "आगं, सरकार पगार देतंय की त्या कामाला. तहसिलीत मानूस हाय." मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पर ह्ये शाळंत ऱ्हाऊनच करायला लागंल न्हवं?"

"कॉम्प्युटर शाळेचाच आहे," मी म्हटलं.

दसऱ्याआधीच्या गुरांच्या बाजाराला वडील वडगावला गेले आणि म्हैस घेऊन आले. बोचकं सोडलं गेलं.

विज्ञानाच्या सरांनी बाटली कापून पर्जन्यमापक करून दिला. ती रोज सकाळी एकाच वेळेला मोजायची आणि आठवड्याचे आकडे शुक्रवारी पाठवायची. हिवाळाभर नुसती शून्यं पाठवली. मी म्हटलं, शून्यं कशाला पाठवतेस, एकदम कळव की पाऊस नाही. ती म्हणाली, "त्येंनी रोजचा मागितलाय." पावसाळा लागला तसा तिकडून निरोप आला की आकड्यांत काही तरी चूक दिसते, दशांशाचं टिंब द्यायचं राहिलं का? वर्ग खवळला. आपण त्यांच्या गाईवर विश्वास ठेवला नव्हता, हे कुणालाही आठवत नव्हतं. मी आठवण करून दिली तर म्हणाले, "बाई, त्ये येगळं." शेवटी तिने सेक्रेटरींच्या कॅमेऱ्याने अंगणातल्या पावसाचा फोटो काढून पाठवला. त्या फोटोत पावसाशिवाय काहीच दिसत नव्हतं, आणि त्यावर तिकडच्यांची खात्री पटली.

वर्ष भरलं. तिकडच्या बाईंनी लिहिलं की काम पूर्ण झालं, पावसाचा तक्ता शाळेच्या भिंतीवर लावला आहे. तिच्या आईने विचारलं, "फिटलं म्हनत्यात?" मी म्हटलं, "फिटलं." ती म्हणाली, "बरं झालं."

पण त्याने प्रश्न सुटला नव्हता, पुढे ढकलला गेला होता. मुलगी दहावी चांगल्या गुणांनी पास झाली, आणि वडील म्हणाले, "धावी झाली, बास." गावात अकरावी नव्हती, कोल्हापूरला पाठवायची त्यांची तयारी नव्हती, आणि कागलकडचं एक स्थळ येऊन गेलं होतं. मी दोनदा भांडले. दुसऱ्या वेळेला चहासुद्धा विचारला नाही. प्रवेशाचे दिवस संपत आले होते. मुलगी सकाळी म्हशीचं करायची आणि लावणीला जायची. माझ्याशी बोलायची नाही. हरल्यासारखं मला त्या आठवड्यात वाटलं, आणि फार वाटलं.

त्याच जुलैत तिकडच्या बाई भारत बघायला आल्या. त्या गोवा-हंपी करत कोल्हापूरला उतरल्या आणि म्हणाल्या, मला तो पाऊस बघायचाय. मी त्यांना घेऊन गेले. मुख्याध्यापकांनी हार, श्रीफळ आणि भाषण तयार ठेवलं होतं. पण मुलीच्या घरचे सगळे शेतात होते, म्हणून आधी शेतावर गेलो.

लावण चालू होती. पायली-शेराने ओतल्यासारखा पाऊस. मी बांधावर छत्री धरून ओळख करून दिली. तिच्या आईने वर बघितलं, उंच, लालबुंद, रेनकोटातल्या त्या बाईला आपादमस्तक न्याहाळलं, आणि तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, एक मूठ तिच्या हातात दिली. "या पावणं," म्हणाली. मला वाटलं, आता काय करावं. तिकडच्या बाईंनी मात्र बूट काढले आणि त्या चिखलात उतरल्या.

संध्याकाळपर्यंत लावलं त्यांनी. ओळी वाकड्यातिकड्या. बायका खो खो हसत होत्या. जेवणाला भाकरी आणि सुकटीची चटणी. डोळ्यांतून पाणी काढत त्यांनी तीही खाल्ली. मुख्याध्यापकांचा हार शाळेत सुकून गेला.

दिवस मावळताना घरी येऊन सगळे ओट्यावर टेकले. आईने मुलीला सांगितलं, "इचार त्यास्नी, त्येंच्याकडं लावन कवा असती?"

मुलीने विचारलं. उत्तर आलं की आमच्याकडे भात नाही. माझ्या भावाच्या शेतात फुलांचे कांदे लावतात, थंडीच्या तोंडावर.

"कांदं तर कांदं," आई म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "म्हशीचा पैरा फिटलाता. आता ह्यो आजचा दिस नवा चढला आपल्यावर. फेडाय कोन जानार?"

वडील तंबाखू मळायला लागले.

"मला न्हाय येत त्येंची भाषा, तुमास्नी न्हाय. ऱ्हाता ऱ्हायली पोरगी. आनि धावीवर कोन पाठवतंय तिला इमानातनं?"

ती हे मुद्दाम म्हणाली, की तिला खरोखरच त्या एका दिवसाचा घोर लागला होता, हे मी तेव्हाही विचारलं नाही आणि पुढेही नाही. तिकडच्या बाई घोट्यापर्यंतचा चिखल खरवडत बसल्या होत्या. काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं. मुलीने भाषांतर थांबवलं होतं. तिचे डोळे बापावरून हलत नव्हते.

"पैरा ठेवून कसं चालंल," वडील शेवटी म्हणाले.

मला रडू आलं. पाऊस होता म्हणून दिसलं नाही, असं म्हणायची सोय नाही, कारण आम्ही ओट्यावर होतो आणि सगळ्यांनी बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने वडील मुलीला घेऊन कोल्हापूरला आले. मी कॉलेजच्या दारात उभी होते. खिडकीशी अर्ज देताना कारकुनाने सहज विचारलं, "कुठल्या शाखेला घालायचं? पुढं काय करायचंय मुलीला?"

वडिलांनी डोक्यावरची घोंगड्याची खोळ काढली, पाणी झटकलं आणि म्हणाले, "हॉलंडला कांदं लावाय जायचंय. त्याला जी लागंल ती द्या."